एका अंगाने पिवळं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी सुप्याच्या फेऱ्या फार झाल्या आणि तिथे गेलं की हाताला माती लागते, की-बोर्ड काही आठवत नाही. (खरं कारण आळस. असो.)

नवीन वाचकांसाठी: सुपा हे आमचं गाव. पुण्याहून निघून शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते), आणि त्याच रस्त्यावर नगरच्या अलीकडे सुपा. तालुका पारनेर. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे ते वेगळं, बारामतीकडचं, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकदा सांगावंच लागतं. हल्ली सुपा म्हटलं की लोक एमआयडीसी म्हणतात. आमच्या लहानपणी सुपा म्हणजे मुरमाड रान, बाजरी, ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट.

तर झालं असं, की ताईचा फोन आला. ताई लॉस एंजेलिसजवळ राहते. तिच्या मागच्या अंगणात एक लिंबू आहे आणि कुंडीत कढीपत्ता. परदेशातल्या मराठी घरात तुळशीच्या खालोखाल मान कढीपत्त्याला असतो हे काही सांगायला नको. ती हसत सांगत होती, "अरे, सरकारी माणसं आली होती आज. म्हणाली, तुमचं लिंबाचं झाड बघायचंय. पिवळा चिकट कागद टांगून गेली. कढीपत्त्याची पण उलटी-सुलटी पानं पाहिली आणि तो कुणाला देऊ नका, लांब नेऊ नका म्हणाली." तिला गंमत वाटत होती. आपल्याकडे माणसाला बघायला सरकारी माणूस येत नाही आणि तिकडे लिंबाला बघायला दोघं!

त्यांनी दिलेल्या पत्रकाचा फोटो तिने व्हॉट्सॅपवर पाठवला. त्यात एक पान होतं. मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला हिरवं आणि उजव्या बाजूला पिवळे धब्बे. दोन्ही बाजूंचा एकमेकींशी काही मेळ नाही, जणू दोन वेगळ्या पानांचे अर्धे तुकडे शिवलेत.

हे पान मी पाहिलं होतं. आठच दिवसांपूर्वी, सुप्याला, विहिरीकडच्या मोसंबीवर. आणि त्याच्याही आधी कधीतरी. ते 'कधीतरी' आठवायला मला रात्रभर लागली.

*

रोगाचं नाव ग्रीनिंग. चिनी नाव हुआंगलाँगबिंग, म्हणजे पिवळ्या शेंड्याचा रोग, आणि १९९५ पासून जगभर तेच अधिकृत मानतात. हा एका जिवाणूमुळे होतो. तो जिवाणू झाडाच्या अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते ती सायला नावाची कीड. तीन-चार मिलिमीटरची, मळकट तपकिरी. ओळखायची खूण अशी, की ती डोकं पानाला टेकवून आणि बूड वर करून तिरकी बसते. एकदा पाहिली की विसरत नाही. अंडी घालते ती फक्त अगदी कोवळ्या, अजून उघडायच्या असलेल्या पालवीत. पिल्लं त्या शेंड्यावर रस शोषत बसतात आणि त्यांच्या अंगातून मेणाचे पांढरे दोरे निघतात. रोगट झाडावर वाढलेलं पिल्लू पंख फुटून उडालं की मरेपर्यंत रोग वाटत फिरतं. दुसरा वाहक म्हणजे आपण. रोगट झाडावरचा डोळा काढून कलम भरलं की रोपाबरोबर रोगही विकला जातो.

झाडाचं मरण मात्र फार सावकाश असतं. पानात तयार झालेली साखर खाली उतरत नाही, तिथेच तुंबते. पानं खडबडीत आणि जाड होतात आणि मुळं उपाशी राहतात. आळ्यात कितीही शेणखत घाला, मुळांना ते उचलायचा जोरच नसतो. फळ लहान, वाकडं, एका बाजूला कललेलं, बिया काळ्या पडून पोचट, रस कडवट. रोग आत शिरल्यावर पानावर दिसायला काही महिने, कधी काही वर्षंही लागतात. म्हणजे दिसतं तेव्हा ते झाड शेजारच्या पाच झाडांना देऊन मोकळं झालेलं असू शकतं. आणि औषध? बऱ्या झालेल्या झाडाची गोष्ट आहे, पुढे सांगतो. पण शेतकऱ्याच्या हातात आज बरं करणारं औषध नाही.

फ्लोरिडात सायला १९९८ साली दिसली आणि रोग २००५ साली. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ ला सव्वा कोटीसुद्धा नाहीत. मधे वादळंही झाली, पण कंबरडं मोडलं ते या किडीने. कॅलिफोर्नियात २०१२ साली पहिलं रोगट झाड सापडलं ते लॉस एंजेलिसजवळच, कुणाच्या तरी घराच्या अंगणात. मोठ्या बागेत नव्हे! म्हणून ताईच्या लिंबाचा एवढा थाट.

*

आता ते 'कधीतरी'.

१९८६ साली आमच्या दादांनी (म्हणजे वडिलांनी) फंडातून कर्ज काढून सुप्याच्या रानात मोसंबीची दोनशे झाडं लावली. लावली म्हणजे पैसे लावले. दादा पिंपरीला कारखान्यात नोकरीला. झाडं प्रत्यक्ष लावली, जगवली ती अण्णांनी, त्यांच्या धाकट्या भावाने. विहिरीला पाणी बेताचं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत अण्णा आणि काकूंनी घागरींनी पाणी घातलेलं मी पाहिलंय. सुट्टीत गेलो की मीही चार घागरी टाकायचो आणि पुण्याला येऊन दहा सांगायचो.

पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरलं. पहिल्या तोडीची मोसंबी दादांनी आमच्या चाळीत घरोघर वाटली होती. मग १९९३ च्या सुमारास एकेक फांदी पिवळी पडायला लागली. शेंड्याकडून वाळत खाली यायची. कुणी म्हणालं मुळ्या कुजल्यात, कुणी म्हणालं जमिनीत चुनखडी आहे, कुणी म्हणालं विहिरीचं पाणी खारं झालंय. एका जाणत्या माणसाने सांगितलं, बाग दृष्टावलीय. १९९७ साली शेवटची झाडं सरपणाला गेली.

दादांनी मात्र निदान केलं होतं ते अण्णांचं. अण्णांनी खताचे पैसे दुसरीकडे घातले, पाणी वेळेवर दिलं नाही, बाग सोडून गावातल्या पारावर बसले. दिवाळीत सगळे जमलेले असताना दादा म्हणाले, "झाडं अशी मरत नाहीत. मारावी लागतात." अण्णा काही बोलले नाहीत. टोपी काढून त्यांनी ती झटकली, परत घातली आणि विहिरीकडे गेले. जेवायला आले नाहीत. त्यानंतर दोघं भाऊ लग्नाकार्यात बोलले तेवढंच. २००९ साली अण्णा गेले. दादा दहाव्याला आले, पिंडाला कावळा शिवेपर्यंत लांब उभे राहिले आणि त्याच संध्याकाळी परतले.

मी तेव्हा कुणाच्या बाजूने होतो? खरं लिहायचं तर दादांच्या. कर्जाचे हप्ते आमच्या घरातून जात होते ना.

*

ताईच्या फोननंतर मी वाचत सुटलो. आणि वाचता वाचता एक दिवस असा आला, की लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मोसंबी-लिंबाची झाडं शेंड्याकडून वाळून मरतात ही आपल्याकडची फार जुनी डोकेदुखी. इंग्रजीत डायबॅक. १९२८ साली चीमा आणि भट या दोघांनी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिच्या नावातच रोगाचा संबंध पश्चिम हिंदुस्थानातल्या जमिनींशी जोडला. चीमा म्हणजे साधं नाव नव्हे, फळझाडांच्या अभ्यासातला मोठा माणूस. आणि त्यात अगदी चूकही नव्हती. चिबड जमीन, चुनखडी, निचरा नसणं, यांनी झाड मरतंच. पण पुढे कित्येक वर्षं बाग गेली की बोट मातीकडे गेलं आणि मातीनंतर माती कसणाऱ्याकडे.

मग १९६६ साली लिलियन फ्रेझर या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक बाई आणि आपल्याकडचे दलजित सिंग, कपूर आणि नरियानी यांनी मांडलं, की भारतातला हा डायबॅक बहुधा ग्रीनिंगच आहे. (तेव्हा तो विषाणू समजत. जिवाणूसारखं काहीतरी सूक्ष्मदर्शकातून दिसलं ते १९७० साली.) आणि १९६७ साली कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवलं, की भारतात हा रोग सायला पसरवते. कुठे? पुण्यात! भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र पुण्याला आहे. तिथे.

अजून पुढे. १९७३ साली याच कपूरांनी आणि तिरुमलाचार यांनी लिहिलं, की टेट्रासायक्लिनच्या जातीच्या औषधाने ग्रीनिंग झालेली झाडं बरी करता येतात. हीच ती बऱ्या झालेल्या झाडांची गोष्ट. बागेत तो उपाय पुढे टिकला नाही. औषध थांबलं की रोग पुन्हा डोकं काढतो आणि माणसाची औषधं रानोमाळ ओतणं बरंही नाही. पण मुद्दा तो नाही. तिरुमलाचार होते हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. म्हणजे पिंपरीला.

दादा रोज सायकलवरून त्या रस्त्याने कामाला जात असत.

म्हणजे आम्ही बाग लावली त्याच्या एकोणीस वर्षं आधी या रोगाचा वाहक पुण्यात कागदावर आला होता आणि तेरा वर्षं आधी त्याच्या उपचाराचे प्रयोग दादांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर चाललेले. तिथून सुपा ते केवढं लांब? एसटीने तीन तास. पण तो कागद काही एसटीत बसला नाही. मी शास्त्रज्ञांना दोष देत नाही, त्यांचं काम त्यांनी केलं. कुणाला दोष द्यायचा तेच कळत नाही आणि कळत नसलं की जवळच्या माणसाला देऊन टाकायची आपली रीतच आहे.

*

आता आजची बाग. २०१८ साली शेततळं झालं तेव्हा मी साठ कागदी लिंबं आणि पंचवीस मोसंबी लावली, ठिबकवर. रोपं एका नर्सरीतून आणली. तेव्हा मी खुंट रंगपूर आहे की जंभेरी एवढं शहाण्यासारखं विचारलं, पण मातृवृक्ष तपासलेला आहे का, रोपं किडीला आत येता येणार नाही अशा जाळीत वाढवलीत का, हे विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. २०२४ साली केंद्र सरकारने निरोगी रोपांसाठी १७०० कोटींहून मोठा कार्यक्रम मंजूर केला, त्यात नागपूरला संत्रा-मोसंबीसाठी केंद्र होणार आहे. चांगलं आहे. माझी पंचवीस झाडं त्याआधीच जमिनीत गेलेली.

ताईच्या फोननंतरच्या शनिवारी पुतणीला घेऊन झाडं तपासायला बसलो. घरच्या घरी करायची एक युक्ती वाचली होती. पानावर पॉलिश पेपर दहा-पंधरा वेळा घासायचा, तो कागद थोड्या पाण्यात खळबळायचा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकायचे. पानात साखर तुंबून तिचा स्टार्च साठला असेल तर पाणी काळंनिळं होतं, नाहीतर चहासारखं राहतं. पुतणी दहावीला, तिला प्रयोगाचा भारी उत्साह. चहा, चहा, चहा... आणि चौथ्या वाटीत एकदम शाई. आम्ही दोघंही गप्प.

ही काही पक्की परीक्षा नव्हे, स्टार्च इतर कारणांनीही साठतो. म्हणून सात झाडांची पानं रीतसर प्रयोगशाळेत पाठवली. तिथे पीसीआर करतात, कोविडमुळे हा शब्द आता आजीबाईंनाही माहीत झालाय. अहवाल आला. सातातली तीन झाडं रोगट. दोन विहिरीकडची आणि एक अंगणातलं, ज्याच्या सावलीत काकू दुपारी शेंगा फोडत बसतात.

बाकीची चार 'नाही' आली, पण तो 'नाही' आजचा. शिवाय न तपासलेली अठरा मोसंबी आणि साठ लिंबं आहेतच.

कागदी लिंबू हा रोग मोसंबीपेक्षा बरा सोसतं म्हणतात. पण सोसणं म्हणजे न होणं नव्हे. शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यात लिंबावर किती घरं चालतात ते नगरकडच्या वाचकांना माहीत आहे.

मग सायला शोधू लागलो आणि सापडली कुठे, तर दारातल्या कुंतीवर. कुंती माहीत असेल तुम्हाला, पांढरी फुलं, संध्याकाळी घमघमाट. शहरात तिला कामिनी म्हणतात आणि सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात. ती लिंबाच्याच कुळातली, आणि सायला तिच्यावर आनंदाने नांदते. कढीपत्त्यावरसुद्धा. इथे मी एक मूर्खपणा केला. कात्री घेतली आणि कुंती चांगली खोल छाटून टाकली. पंधरा दिवसांनी पाहतो तर छाटलेल्या प्रत्येक फांदीला लुसलुशीत पालवी आणि पालवीवर पांढऱ्या दोऱ्यांची जत्रा! कोवळ्या पालवीवरच अंडी घालणाऱ्या किडीसाठी मी पंगत वाढून ठेवली होती.

त्या दोऱ्यांच्या गर्दीत काही पिल्लं मात्र तपकिरी, सुकलेली आणि पाठीला बारीक भोक पडलेली. ते काम एका इवल्याशा गांधीलमाशीच्या जातीच्या किड्याचं. तो सायलाच्या पिल्लाखाली अंडं घालतो आणि त्याची अळी पिल्लाला पोखरून संपवते. शास्त्रात टॅमॅरिक्सिया. याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं ते १९२२ साली, जुन्या पंजाबातल्या ल्यालपूरच्या नमुन्यांवरून. आणि १९७८ साली भारतातून हे किडे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेऊन सोडले, तेव्हा तिथली सायला आटोक्यात आली. म्हणून उठसूट विषारी फवारणी करायला मी राजी नाही. फुलावर मधमाश्या असताना तर नाहीच. पालवी फुटताना शेंडे पाहायचे, पानसोट काढून टाकायचे, निंबोळी अर्क मारायचा, आणि कीड फारच वाढली तरच औषध. व्हिएतनाममधले शेतकरी मोसंबीत पेरू लावतात, त्याने सायला कमी येते असा त्यांचा अनुभव. इतरत्र तसा गुण आला नाही असंही वाचलं. तरी दहा पेरू लावलेत. नाहीच उपयोग झाला तर पेरू खाऊ.

पण हे सगळं निरोगी झाडांसाठी. रोगट झाडाला एकच इलाज, ते काढणं. आणि तेही नुसतं कुऱ्हाड मारून नाही. आधी झाडावर औषध फवारायचं, मग तोडायचं. नाहीतर त्यावरची सायला उठून शेजारच्या झाडावर जाऊन बसते.

*

अंगणातलं झाड काढायचंय हे काकूंना सांगायला मी दोन शनिवार टाळाटाळ केली. तिसऱ्या शनिवारी सांगितलं. रोग काय, कीड काय, कलमातून कसा येतो, सगळं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंजी तेव्हा पण हेच झालं व्हतं का रे?"

मी म्हटलं, "काकू, आता सिद्ध नाही करता येणार. झाडंच नाहीत. पण मला वाटतं, हेच."

"त्यांचं चुकलं नव्हतं?"

"मला नाही वाटत."

त्या उठल्या. मला वाटलं आत जाऊन रडतील. त्या आत गेल्या आणि लोखंडी पेटीतून एक वही घेऊन आल्या. लाल पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. "त्यांची हाय. मला कुठं वाचता येतं. तू बघ."

अण्णा सातवी शिकलेले. अक्षर गोल, सावकाश लिहिलेलं. पहिल्या पानापासून बागेचा हिशेब. शेणखत बारा गाड्या. निंबोळी पेंड. झिंक सल्फेट, दोनदा. बोर्डो पेस्ट. तालुक्याला जाऊन साहेबांना पान दाखवलं, साहेब म्हणाले जस्त कमी आहे. (त्या साहेबांचंही काय चुकलं? जस्त कमी पडल्यावरचं पान आणि हे पान लांबून सारखंच दिसतं. फक्त जस्ताच्या कमतरतेत शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात.) प्रत्येक रकमेपुढे तारीख. दादांनी पाठवलेली मनीऑर्डर एकीकडे आणि खर्च दुसरीकडे. शेवटच्या दोन वर्षांत खर्चाचा आकडा मनीऑर्डरीपेक्षा मोठा. वरचे पैसे कुठून आले ते लिहिलेलं नाही. काकूंना विचारलं तर त्यांनी हातातल्या काचेच्या बांगड्या नुसत्या मागे सारल्या.

आणि फेब्रुवारी १९९३ च्या पानावर हे:

"४१ नंबर. वरची फांदी. पान एका अंगाने पिवळे, एका अंगाने हिरवे. असे का. शेंड्यावर पांढरे दोरे. मावा असेल."

'असे का' पुढे प्रश्नचिन्ह नाही. पूर्णविराम आहे.

मी दादांना फोन लावला. दादा आता शहाऐंशीचे, ऐकू कमी येतं, त्यामुळे ओरडून सांगावं लागतं, आणि असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. नीट जमलंच नाही. ते म्हणाले, "वही घेऊन ये."

रविवारी वही दिली. त्यांनी भिंग घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले, रकमांवर बोट ठेवून, ओठ हलवत. बेरजा तपासत होते. कारखान्यातली सवय! एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथे साडेतीन रुपये कमी धरलेत." मग पुढे. ४१ नंबरच्या पानावर किती वेळ होते मला सांगता येणार नाही, मी चहा करायला आत गेलो होतो. मुद्दामच गेलो होतो.

चहा ठेवला तर विचारलं, "ती तपासणी. किती पैसे लागतात?"

मी आकडा सांगितला.

"एवढेच?"

पुढे काही बोलले नाहीत. चहावर साय धरली. मी निघताना म्हणाले, "झाडं कधी काढतोयस?"

*

मागच्या शनिवारी काढली. दादा आले होते. गाडीत दोन उशा लावून नेलं, वाटेत शिरूरला थांबलो. आदल्या संध्याकाळी फवारणी करून ठेवली होती. सकाळी गड्याने विहिरीकडची दोन पाडली, मग अंगणातलं. बुंधा मुळासकट उपटला, नाहीतर फुटवा येतो आणि तोही रोगटच. काकूंनी तोडायच्या आधी झाडाला हळदकुंकू लावलं आणि मग स्वतःच गड्याला म्हणाल्या, "हां, चालव." कुंतीला मात्र हात लावू देत नाहीत. दर पालवीला त्याच निंबोळीचं पाणी मारतात, डब्यात झाडू बुडवून शिंपडतात. पुरतं का? मला शंका आहे. पण सध्या तह झालाय. शेजारच्या दोन बागवाल्यांनाही पानं दाखवली. एक आपली झाडं तपासायला पाठवतो म्हणाला. दुसरा म्हणाला, "जस्त कमी असंल."

दादा खुर्चीवर बसून होते. काकू आत-बाहेर करत होत्या, डोक्यावरचा पदर सावरत. दोघांत सोळा वर्षांहून जास्त काळ सरळ बोलणं झालेलं नाही, काही सांगायचं तर ते माझ्यामार्फत. अंगण मोकळं झाल्यावर ऊन एकदम ओसरीपर्यंत आलं. गड्याने खुर्ची मागे घेऊ का विचारलं. दादांनी हातानेच नको म्हटलं. मग काकूंकडे बघून, माझ्याकडे नव्हे, विचारलं,

"एक्केचाळीस नंबरचं झाड कुठं होतं?"

काकूंनी पदराला हात पुसले. ओसरीच्या पायरीवर येऊन हात लांब केला, शेततळ्याकडे. "तिथं. आता पाणी हाय त्या जागी."

दादा उठायला लागले. मी काठी दिली. शेततळ्याचा बांध चढायला त्यांना जमणार नव्हतं, तरी काकू पुढे आणि ते मागे असे दोघं निघाले.